माझे डोळे कोण झाकतंय?

आटपाट घर होतं. पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनी, मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि मधल्या दाराला पडदा. त्या घरात एक सासू होती, एक सून होती, सुनेचा धाकटा दीर होता. थोरला मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, जहाजावर नोकरीला होता. तो घरात होता तो भिंतीवरच्या फोटोपुरता. आणि पुढच्या खोलीतल्या कापड बेतायच्या टेबलावर मी होतो.

मी लॅपटॉप बोलतोय. बसा, ऐका. पण मी सांगतो म्हणून लगेच खरं धरू नका. त्या घरात कुणी कुणाचं पहिल्या झटक्यात खरं धरत नसे, आणि मीही तिथलाच.

माझा जन्म कारखान्यातला. लांबच लांब टेबल आणि त्याच्या दोन्ही अंगांना तोंड बांधलेली माणसं. एकानं माझ्या पोटात पंखा बसवला, दुसऱ्यानं बटणांची पाटी ठोकली, तिसऱ्यानं पडदा लावला. शेवटी बसलेल्या पोरीनं माझं झाकण मिटून पाहिलं, उघडून पाहिलं. मिटलं की मी झोपतो आणि उघडलं की जागा होतो, एवढी खात्री करून तिनं मला खोक्यात घातलं.

तेव्हापासून माझ्या अंगात एक पहारेकरी आहे. झाकण मिटलं की तो मला सांगतो, "झोप." आणि मी झोपतो. तो कुठे बसतो, झाकण मिटल्याचं त्याला कसं कळतं, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही तरी आपल्या पापणीला कधी विचारता का, की तुला कसं कळलं म्हणून?

माझा पहिला मालक विम्याच्या कंपनीतला तपासनीस. कुणी सांगायचं, माझं दुकान जळलं, की हा जाऊन राख उकरून बघायचा, खरंच जळलंय की जाळलंय. बायकोनं चहा आणला तरी आधी वास घ्यायचा, मग पिणार. पासवर्ड टाकताना उजवा हात डाव्या हातानं झाकायचा, खोलीत एकटा असला तरी. संशय मी त्याच्याकडून शिकलो. माणूस ज्याच्या हाताखाली वाढतो त्याच्यावर जातो म्हणतात, यंत्राचंही काही वेगळं नाही.

त्याला नवा लॅपटॉप मिळाला आणि मी जुन्या मालाच्या दुकानात गेलो. काचेच्या कपाटात बसून रस्ता बघत दिवस काढले. मग एक दिवस धाकटा आला, मला हातात घेऊन चारदा उलटापालटा केला, आणि काखेत मारून घरी घेऊन गेला.

सासूनं मशीन थांबवली. सुई कापडात तशीच रोवलेली ठेवून ती उठून आली.

"कुणाचं आहे हे?"

"आता आपलं, आई."

"आधी कुणाचं होतं?"

"मला काय ठाऊक? दुकानातून आणलं."

"मेलेल्या माणसाचं नाही ना?"

"असलं तर तो न्यायला येणार नाही, तेवढंच बरं."

सासूला ते पटलं नाही. तिनं मला सगळीकडून न्याहाळलं. पडद्याच्या वर मधोमध बारीकसा काळा ठिपका असतो ना, त्यावर तिची नजर थांबली. "आणि हा डोळा कसला?"

"कॅमेरा आहे तो," सून म्हणाली.

"म्हणजे हा बघतो?"

"आपण सांगितलं तरच."

"सगळे असंच सांगतात," सासू म्हणाली, आणि कातरणीतून रेक्झीनचा नखाएवढा तुकडा उचलून तिनं तो माझ्या डोळ्यावर चिकटवून टाकला. त्या घरात माझा असा सत्कार झाला. डोळा झाकला, झोप लागली, तरी घरातलं मला कळत राहायचं, तुम्हाला पाठीमागचं कळतं तसं.

त्या घरात बॅगा आणि पर्स शिवायचं काम चाले. सासू शिवायची, धाकटा कापायचा आणि चेन, बकलं, बंद लावायचा. सून लग्न होऊन आली ती चित्रं काढायचा हात घेऊन. बॅग कशी दिसेल, पट्टा कुठून निघेल, खिसा कुठे लपेल, हे ती माझ्या पडद्यावर काढायची. सासू म्हणायची, "कागदावर काढलंस तर बॅग वाईट होते का?" पण सासू दाराच्या पडद्याआडून आली की सून माझं झाकण मिटायची. काढलेलं अर्धवट असलं की सासू त्यात खोट काढते, म्हणून मिटायची. हे मला ठाऊक होतं, कारण चित्रं माझ्याच पोटात होती. सासूला काय ठाऊक? तिला वाटायचं, सून जहाजावरच्या नवऱ्याला तिच्या चुगल्या लिहून पाठवते.

मग सासूनं माझ्यासाठी एक कव्हर शिवलं. माझी मापं दोऱ्यानं घेतली. निळं जाड कापड, आत मऊ अस्तर, चार कोपऱ्यांना चार खोळी. त्यांत माझे कोपरे खोवले की मी कव्हरात बसलेलाच राहायचो, उघडा असो की मिटलेला. मागच्या बाजूनं एक पट्टा माझ्या डोक्यावरून पुढे यायचा आणि समोर डाव्या हाताला मिटायचा. मिटायला तिनं पर्सला लावतात तसलं चुंबकाचं बटण लावलं. मोठ्या बॅगेसाठी आणलेल्यातलं सगळ्यात दणकट बटण वेचून काढलं. त्याचं एक अंग पट्ट्याला, दुसरं माझ्या पुढच्या काठाखाली, अस्तराच्या आत. हात लावला की टप् करून बसायचं.

"धाग्यांचा कचरा आत जातो त्याच्या," ती म्हणाली, दुसरीकडे बघत.

सून म्हणाली, "छान झालंय." पण सासू आत गेल्यावर ती दिराला हळूच म्हणाली, "कळलं का तुला? मी कधी उघडते, कधी मिटते, त्याचा आवाज यायला हवा होता त्यांना."

"वहिनी, तुम्ही दोघी पोलिसात जा," धाकटा म्हणाला. "एक दिवसपाळी, एक रातपाळी."

खरं सांगू? मलाही वाटलं, सुनेचं बरोबर असावं. कारण टप् झालं की आतल्या खोलीतली भांडी गप्प व्हायची.

आता मुद्द्याचं सांगतो. त्यांचा माल बाजारातला एकच दुकानदार घ्यायचा. तो म्हातारा झाला, दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेला. घरात शिवलेल्या बॅगा रचून पडल्या. धाकटा एक दिवस कुणाला न विचारता जहाजाच्या कचेरीत नाव देऊन आला. "दादा तिकडे, मीही तिकडे. इथे काय, चेन लावत बसू?" सासूनं त्या दिवशी मशीन रिकामीच चालवली, कापड न घालता.

सुनेनं खटपट करून एका मोठ्या दुकानाच्या बाईंशी बोलणं लावलं. बाई दूरच्या शहरातल्या. त्यांनी कळवलं, सोमवारी दुपारी पडद्यावरून बोलू. तुम्ही कुठे शिवता ते मला बघायचंय, कोण शिवतं ते बघायचंय, आणि मी सांगेन तो बदल चित्रात माझ्यासमोर करून दाखवायचा. जमलं तर वर्षभराचं काम. नाही जमलं, तर धाकट्याची पेटी भरायची. घरातला फोन होता, पण त्याच्या काचेला तडे गेलेले. त्यात पट्टा कुठे नि तडा कुठे ते कळायचं नाही. म्हणजे सगळं माझ्यावर आलं.

आणि त्याच आठवड्यात कुणीतरी माझे डोळे झाकायला लागलं.

झालं असं. कव्हराचे कोपरे पहिल्यापासूनच जरा सैल होते, मी आत इकडेतिकडे सरकायचो. सासूनं ते काढून टाके आवळले आणि मला पुन्हा नीट बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं बटण दाबलं. माझा दिवा लागला, पंखा फिरला, पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, खाली गोल चकरी फिरायला लागली. मी जागा होत होतो. आणि एवढ्यात पहारेकरी म्हणाला, "झोप."

मी म्हटलं, अरे, झाकण उघडं आहे. मला समोर सुनेची बोटं जाणवताहेत.

तो म्हणाला, "झाकण मिटलंय. झोप."

मला त्याचं ऐकायचीच सवय. मी झोपलो. पडदा काळाभोर. सुनेनं पुन्हा बटण दाबलं. मी उठलो, त्यानं झोपवलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिनं बटण दाबून धरलं, पार बंद केलं मला, मग नव्यानं चालू केलं. चिन्ह आलं, चकरी आली, अंधार आला. पंखा गप्प. नुसता बारीक दिवा हळूहळू उघडझाप करत होता, झोपलेल्याचा श्वास चालावा तसा.

"आई," सून म्हणाली, "तुम्ही याला हात लावला होतात का?"

"मी? मला त्यातलं काय कळतं? पुसलं फक्त."

"कशानं पुसलंत?"

"फडक्यानं पुसतात. जिभेनं नाही पुसत."

"ओलं होतं का फडकं?"

"आता फडक्याची पण चौकशी?" सासूनं मशीनचं चाक फिरवलं. "बघ बाई, कुणाला काय काय लिहून पाठवत होतीस, त्या ओझ्यानंच बसलं असेल."

सून लाल झाली. मग दोघी मिळून धाकट्याकडे वळल्या. तेवढ्या एका गोष्टीत त्यांची एकी होती.

"मी काल फक्त मॅच पाहिली," तो म्हणाला.

"मॅच बघताना काय काय उघडलं होतंस?"

"डोळे."

मी मात्र संशय घेत होतो पहारेकऱ्यावर. म्हातारा झाला असेल, भ्रम होत असेल. किंवा कुणी त्याला फितवलं असेल. माझा पहिला मालक म्हणायचा, आग बाहेरून लागली असं दिसलं की आधी आत बघावं.

धाकट्यानं मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. भिंतीला उघडे पडलेले माझे भाऊबंद टांगलेले, कुणाचं पोट नाही, कुणाचं डोकं नाही. दुरुस्तीवाला एक चष्मा डोळ्यावर आणि एक कपाळावर ठेवायचा. त्यानं आधी माझं कव्हर काढून बाकड्यावर फेकलं. मग वायर लावून बटण दाबलं.

मी लख्ख जागा झालो. चिन्ह, चकरी, मग सुनेनं लावलेलं निळ्या दरवाजाचं चित्र. पहारेकरी गप्प बसून होता, जसं काही झालंच नाही.

"हा तर चालतोय," दुरुस्तीवाला म्हणाला.

"घरी नाही चालत."

"गिऱ्हाईक म्हणतं, चालत नाही. इथे आला की चालतो. मग मला सांगा, मी कुणाचं ऐकू?"

तरी त्यानं काम प्रामाणिकपणे केलं, एवढं मी सांगेन. माझं पोट उघडलं. पंख्यात अडकलेला धाग्यांचा निळा, तांबडा गोळा चिमट्यानं काढून टेबलावर ठेवला. "हे बघा. घरात मेंढरं पाळलीत की काय?" रॅमची पट्टी उपसून खोडरबरानं घासली, परत बसवली. बॅटरी काढून बटण दाबून धरलं. दुसरा पडदा जोडून पाहिला. सगळं ठाकठीक. त्यानं मला पुन्हा मिटवलं, कव्हरात घातलं, पट्टा टप् करून लावला.

घरी आलो. सुनेनं पट्टा काढला, झाकण उघडलं, बटण दाबलं. चिन्ह, चकरी, अंधार.

"त्यानं आतलं काहीतरी काढून घेतलं," सासू म्हणाली. "मला त्याचं नावच ऐकून वाटलं होतं."

"नाव कुठे सांगितलं मी?" धाकटा म्हणाला.

"तेच. नावही सांगत नाही असला माणूस."

पुन्हा दुकान. पुन्हा कव्हर बाकड्यावर, पुन्हा मी लख्ख. दुरुस्तीवाल्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यावर घेतला आणि धाकट्याला आपादमस्तक पाहिलं. "तुमच्या घरात याला काय करता तुम्ही? खरं सांगा. मी कुणाला सांगणार नाही." शेवटी तो म्हणाला, वीज खराब असेल, जागा बदलून बघा.

म्हणून मग माझी घरभर वरात निघाली. या भोकात वायर घाल, त्या भोकात घाल. खिडकीशी ठेव, कपाटावर ठेव. प्रत्येक ठिकाणी अंधार. मग धाकट्याच्या हातून माझ्या कव्हरावर सरबत सांडलं. सासूनं चिडून कव्हर काढलं, धुतलं आणि मागच्या दोरीवर वाळत घातलं. सुनेनं मला तसंच, बिनकव्हराचं, स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलं, बटण दाबलं, आणि मी चालू झालो.

घरात आनंदीआनंद. सून चित्रातल्या बॅगेला खिसा काढत बसली, कुकरची शिट्टी झाली तरी उठली नाही.

"म्हणजे पुढच्या खोलीत काहीतरी आहे," धाकटा म्हणाला.

"पुढच्या खोलीत मी असते," सासू म्हणाली. "सरळ बोल ना."

कुणीच सरळ बोललं नाही. सुनेनं मात्र वर पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. सासूनं ते बघितलं. मलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी कव्हर वाळलं. सुनेनंच ते काढून आणलं, कोपरे ओढून मला त्यात नीट बसवलं, कारण ओट्यावर पाण्याची भीती. बटण दाबलं. अंधार. तोच ओटा, तीच वीज. सासू तेव्हा तिथेच उभी होती, भाजी चिरत.

तिथून पुढे त्या घरात बोलणं बंद झालं. सून बाहेर जाताना मला कपाटात घालून किल्ली बरोबर न्यायला लागली. सासूनं ते पाहिलं आणि तिनंही आपल्या सुया-कात्र्यांच्या डब्याला कुलूप लावलं. धाकटा म्हणाला, "मीही माझी चप्पल कुलपात ठेवतो," पण कुणी हसलं नाही. मी कपाटाच्या अंधारात पहारेकऱ्याला विचारत होतो, कोण सांगतं तुला? तो तेच सांगायचा, जे नेहमी सांगायचा.

सोमवार उजाडला. सकाळपासून पुढची खोली झाडून पुसून ठेवलेली. शिवलेल्या बॅगा ओळीनं मांडलेल्या. धाकट्यानं नवा शर्ट घातला होता. बाईंची वेळ जवळ आली. सुनेनं मला टेबलावर ठेवलं, पट्टा काढला, बटण दाबलं. चिन्ह. चकरी. अंधार.

तिनं पुन्हा दाबलं. अंधार. आणि मग इतके दिवस तोंडात धरलेलं तिच्या तोंडून निघालं.

"तुम्हाला हे काम नकोच आहे, आई. पहिल्या दिवसापासून नको होतं. सांगा ना एकदा, काय केलंत याला?"

सासूनं हातातलं कापड बाजूला ठेवलं. ती सावकाश उठली. आवाज चढवला नाही.

"मला नको? एक मुलगा पाण्यावर आहे. वारा सुटला की मी खिडकी लावून बसते, माहीत आहे तुला? दुसरा परवा पेटी भरणार आहे. आणि मला नको?"

सुनेनं बटणावरचं बोट काढलं.

"तुझ्या त्या डबड्याला मी एवढंच केलं. हे शिवलं." सासूचे डोळे भरून आले होते, ते लपवायला ती माझ्यावर वाकली. "माझ्या हातचं एवढं खुपत असेल, तर दे. माझं कापड मला परत दे."

आणि तिनं माझे चारही कोपरे खोळीतून उपसले, मला टेबलावर आदळलंच म्हणा, आणि कव्हर ओढून घेतलं.

मी जागा झालो.

कुणी बटण दाबलं नव्हतं. पहारेकरी आपण होऊन म्हणाला, "झाकण उघडलं. ऊठ." पडदा उजळला. निळा दरवाजा, सुनेची चित्रं, सगळं जागच्या जागी.

तिघंही माझ्याकडे बघत राहिले. सुनेची नजर माझ्यावरून सासूच्या हातातल्या कव्हरावर गेली. "म्हणजे... कव्हर?"

मला वाटलं, आता भांडणाला पुरावाच सापडला. सासूही क्षणभर तशीच उभी राहिली, चोरीचा माल हातात धरल्यासारखी. पण ती शिवणारी बाई होती. उसवलं कुठे ते सापडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिनं कव्हर माझ्या पुढ्यात धरलं, हळूहळू माझ्या काठाखाली सरकवलं. अंधार. ओढून घेतलं. उजेड. पुन्हा सरकवलं, पुन्हा ओढलं. मग कव्हराची फक्त मागची बाजू सरकवली. उजेड तसाच. फक्त पुढची, अस्तरात बटण असलेली बाजू. अंधार.

तिनं दातांनी अस्तराचा टाका तोडला आणि आतलं चुंबक बाहेर काढलं. टेबलावर पडलेली एक टाचणी सरपटत जाऊन त्याला चिकटली.

"हे," ती म्हणाली, आणि ते माझ्या डाव्या बाजूला, सुनेचा तळहात टेकतो तिथे वरून ठेवलं. मी झोपलो. उचललं. मी उठलो.

धाकट्यानं एक टाचणी घेतली आणि माझ्या झाकणाच्या काठावरून फिरवली. एका जागी ती टप् करून चिकटली. "याच्या झाकणातही चुंबक आहे, वहिनी. झाकण मिटलं की ते इथे येतं, म्हणून हा झोपतो. आईच्या बटणाला हा झाकणच समजत होता."

तेव्हा मला माझ्या पहारेकऱ्याचं गुपित कळलं. तो आंधळा होता. जन्मापासून. त्याला दिसत काहीच नव्हतं. चुंबकाची ओढ लागली की झाकण मिटलं, असं तो धरून चालायचा. खोटं तो कधीच बोलला नव्हता. त्याला जे जाणवलं ते त्यानं सांगितलं. मी उगाच त्याला फितूर ठरवलं होतं.

"कोपरे सैल होते तोवर मी सरकत असेन त्याच्यावरून," एवढं मला बोलता आलं असतं तर बोललो असतो. पण सासूनं ते स्वतःच ओळखलं. "मी टाके आवळले," ती म्हणाली, "तेव्हापासून."

"मी तुमच्यावर..." सून म्हणाली.

"मीही तुझ्यावरच," सासू म्हणाली. "चुगल्या लिहितेस म्हणून. काय लिहायचीस गं?"

सुनेनं माझ्या पडद्यावर चित्र उघडलं. सासूच्या माहेराहून आलेली, कपाटात पडलेली जुनी कातडी पिशवी तिनं काढली होती, नव्या आकारात. मधला कप्पा लॅपटॉप ठेवायला. "अर्धं असताना दाखवलं असतं तर तुम्ही नावं ठेवली असतीत."

"ठेवली असती," सासू म्हणाली. तिनं चित्राकडे बघितलं, बघतच राहिली. "पट्टा चुकलाय."

तेवढ्यात बाईंचा फोन पडद्यावर वाजायला लागला. सून खुर्चीत बसली. सासूनं पुढे होऊन माझ्या डोळ्यावरचा रेक्झीनचा तुकडा नखानं खरवडून काढला. "बघू दे आता," ती मला म्हणाली. इतक्या दिवसांत ती थेट माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

बाईंचे केस आखूड, बोलणं थोडकं. त्यांनी खोली बघितली, मशिनी बघितल्या, शिवणीचा टाका जवळून बघितला. सासूचे हात बघितले. मग त्या लॅपटॉपच्या पिशवीचं चित्र बघून थांबल्या. "ही चांगली आहे. पट्टा थोडा खाली घ्या बघू."

सुनेनं घेतला. सासू मागून म्हणाली, "मी तेच म्हटलं होतं."

"आणि ही मिटते कशानं?"

चित्रात पुढच्या बाजूला गोल चुंबकाचं बटण होतं. सुनेनं त्याच्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं, आणि बाईंच्या डोळ्यांदेखत ते पुसून टाकलं. त्या जागी लाकडी गुंडी आणि कापडाचा फास काढला.

"अहो, चुंबक छान दिसत होतं. का काढलंत?"

मग सासूनं सांगितलं. सगळं सांगितलं, दुरुस्तीवाला, सरबत, कपाटाची किल्ली, काही म्हणजे काही सोडलं नाही. सून मधे मधे "आई, पुरे" म्हणत होती. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी खाली वाकून आपली स्वतःची बॅग मांडीवर घेतली, उघडली, मिटली. टप्. मग ज्यावरून बोलत होत्या तो लॅपटॉप उचलून तिच्या बटणावर ठेवला, आणि त्यांचं चित्र आमच्या पडद्यावरून नाहीसं झालं.

धाकटा म्हणाला, "गेल्या."

थोड्या वेळानं त्या परत आल्या. हसत होत्या. "मी महिनाभर माझ्या ऑफिसातल्या पोरांना बोल लावतेय, लॅपटॉप मधेच झोपतो म्हणून. कुणी काहीतरी केलंय असा संशय होता मला." मग म्हणाल्या, "गुंडीवाली पिशवी मला हवी. आधी थोड्या पाठवा, मग बोलू."

"एक विचारू?" सासू पुढे झाली. "माल घेऊन गप्प तर नाही ना बसणार तुम्ही?"

सुनेनं डोळे मिटून घेतले. बाईंनी विचारलं, "माझ्यावर संशय घेताय?"

"ओळख नाही म्हणून. ओळख झाली की कमी घेईन."

"मलाही तसंच माणूस हवं होतं," बाई म्हणाल्या. "जे टाका तपासल्याशिवाय सोडत नाही."

थोड्या पिशव्या गेल्या. मग आणखी गेल्या. मग वर्षाचं काम आलं, आणि दोन मशिनींच्या शेजारी तिसरी आली. धाकट्यानं जहाजाच्या कचेरीतून नाव काढून घेतलं. हल्ली तो गुंड्या लावतो आणि म्हणतो की जहाज बरं होतं.

माझं म्हणाल तर मी आता थकलोय. बॅटरी टिकत नाही, झाकणाची एक बिजागरी ढिली झाली, चित्रं काढायला सुनेनं नवा लॅपटॉप घेतला. मी टेबलाच्या कोपऱ्यात निळ्या कव्हरात असतो. त्याला आता गुंडी आहे. ती सुनेनं शिवली, जरा तिरकी; सासू येता जाता म्हणते, "बघा, चित्रकाराचा टाका." माझ्या डोळ्यावरचा रेक्झीनचा तुकडा मात्र पुन्हा चिकटवलाय. सासू म्हणाली, तेवढं असू दे. मीही म्हणतो, असू दे. थोडा संशय घरात असलेला बरा. मशिनीला तेल लागतं तेवढाच, जास्त नको.

तुमच्याकडे माझा एखादा भाऊ असेल आणि तो सकाळी उठेनासा झाला, तर एवढं करा. घरच्या माणसांकडे बघण्याआधी त्याच्या अंगावर, अंगाखाली, शेजारी जे काही ठेवलं असेल ते काढून बाजूला ठेवा, आणि मग बटण दाबा. कुणीतरी मायेनं ठेवलेलंच काहीतरी असेल.

परवा सकाळी दार वाजलं. सासूनं नेहमीप्रमाणे आतूनच विचारलं, "कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"तुझा थोरला."

"खरंच?" सासू म्हणाली. "काय खूण?"

बाहेरून हसणं ऐकू आलं, आणि सून मशीनवरून उठून धावली. पुन्हा जहाजावर जायचं नाही, असं सांगून तो आला होता. इथे चौथी मशीन घेऊ म्हणत होता. त्याची पेटी खोलीच्या मधोमध तशीच राहिली. त्या घरावरचा अंधार जसा उठला, तसा तुमच्या घरावरचाही उठो, आणि तुमच्याही दारात तेच माणूस उभं असो, ज्याची तुम्ही वाट बघताय.